देव निजला तेव्हा रुखमाही निजली

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी कोण उभं आहे त्यांनाही आत घ्या, सतरंजी मोठी आहे. टाळ घटकाभर खाली राहू द्या. आजची गोष्ट झोपेची आहे, आणि तीही एका म्हशीच्या झोपेची. हसताय? देवाच्या झोपेची कथा आपण दर वर्षी हात जोडून ऐकतो, मग म्हशीनं काय घोडं मारलंय? ऐका तर खरं. गोष्ट संपेपर्यंत तुमच्या डोळ्यांवर झापड आली, तर ती रुखमाची कृपा समजा.

सुरतेहून कामरेजकडे निघालं की हमरस्त्याच्या पलीकडे उसाचे मळे लागतात. मळ्यांतून एक बैलगाडीची जुनी वाट आत जाते. पहाटे त्या वाटेवर इतकं धुकं असतं की आपलीच पावलं आपल्याला उसनी आणल्यासारखी वाटतात. वाटेच्या शेवटी पत्र्याचा एक गोठा, गोठ्याला लागून दोन खोल्या, पुढे शेवग्याचं एक झाड. तिथे सुकदेव, त्याची बायको शोभाबाई आणि मुलगी धनश्री राहत. आणि तीन म्हशी: चंद्रा, भागी आणि रुखमा.

सुकदेव मूळचा खानदेशचा. ओठावर मिसरूड फुटायच्या आधी सुरतेतल्या लिंबायतला आला आणि यंत्रमागाच्या खात्यात उभा राहिला, तो केस पांढरे होईपर्यंत उभाच. खटक-फटक, खटक-फटक. त्या आवाजानं त्याला पोटाला घातलं आणि त्याबदल्यात त्याचे कान घेतले. उजवा पुरता गेला. डावा तेवढा अर्धामुर्धा राहिला. मग एक दिवस शेठनं जुने माग भंगारात काढले आणि नवी यंत्रं बसवली. एका माणसानं डझनभर यंत्रांकडे बघायचं, बाकीच्यांनी रस्त्याकडे. सुकदेवनं गावचा वाटणीचा तुकडा विकला, एका पटेलाकडून ही जागा भाड्यानं घेतली आणि तीन सुरती म्हशी दावणीला आणून बांधल्या.

सुरती म्हैस पाहिलीय का कधी? बांध्यानं लहान, रंग तांबूस काळा, शिंगं कोयत्यासारखी वळलेली, आणि गळ्यात जन्मतःच दोन पांढरे पट्टे. एक जबड्याखाली, एक छातीवर. कुणीतरी हार घालून पाठवल्यासारखी. खाणं बेताचं, दूध दाट. सुकदेवला पहिल्या दिवशीच वाटलं, या हार घालून आलेल्या बाया आपल्याकडे पाहुण्या आल्यात.

पहाटे उपडी बादली टाकून तो गोठ्यात बसायचा. शेण ओलं वाफाळतंय, रवंथ चाललाय, बाहेर उसाची पानं एकमेकांच्या कानात काही सांगताहेत. त्याला त्यातलं फारसं ऐकू यायचं नाही. पण इतकी वर्षं आवाजात काढलेल्या माणसाला ती शांतता गाभाऱ्यासारखी वाटे. कधीकधी बसल्याबसल्या तो हात जोडायचा, कुणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं.

आता माणूस खात्यातून बाहेर पडतो, मंडळी, पण खातं माणसातून पडत नाही. तिकडे एकच शिकवण असते: बंद यंत्र मालकाला खातं. माग थांबला की शेठचा जीव थांबतो. धागा तुटला, जोड. तेल संपलं, चालता चालता घाल. पण थांबवू नको. सुकदेवनं हे व्रत गोठ्यातही चालवलं. पहिल्या वर्षी चंद्रा गाभण राहिली. दिवस भरत आले तरी हा सकाळ-संध्याकाळ तिची धार काढतच होता.

शोभाबाई लहानपणी गुरांमागे फिरलेली. ती म्हणाली, "धनश्रीना बाप, आते बस करा. व्यायाना आधी दोन महिने तिले मोकळी सोडतंस. आटू द्या ना तिले."

"देतेय ना दूध?" सुकदेव खात्यात बोलत असल्यासारखा ओरडला. "देतंय ते थांबवायचं कशाला? चालतं यंत्र बंद करू?"

चंद्रा व्याली. पारडू झालं ते ओल्या चिंधीसारखं. उभं राहायचं, पडायचं, परत उभं राहायचं. नाव ठेवायच्या आधीच गेलं. शेवग्याखाली खड्डा करून, वर मीठ टाकून सुकदेवनं ते पुरलं. चंद्राचं दूधही त्या खेपेला निम्म्यावर आलं. कुणी म्हणालं वारं लागलं, कुणी म्हणालं दृष्ट. सुकदेवला दोन्ही पटलं, कारण दोन्हींत त्याचा हात नव्हता. पुढच्या वर्षी भागीचं तेच झालं. तिचं पारडू वाचलं, पण भागी जणू दूध द्यायचं विसरली. त्यानं पेंड वाढवली. सरकी आणली, गूळ चारला. म्हशी जेवढं द्यायच्या तेवढं खाऊन टाकायच्या, आणि वर पटेलाचं भाडं उभं.

राहता राहिली रुखमा. तिघींत लाडकी. ती त्या पावसाळ्यात गाभण होती, व्यायला दोन महिन्यांवर आलेली.

एका दुपारी जेवताना नवरा-बायकोचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, दोघांनी ताटाकडे बघत मान हलवली. रुखमाच्या दुधावर गोठा आपल्या पायांवर उभा राहिला तर ठीक. नाहीतर कार्तिकी एकादशी झाली की रामदास हेडीला बोलवायचं, तिन्ही म्हशी त्याच्या हाती द्यायच्या, आणि सुकदेवनं पुन्हा खात्यात जायचं. रामदास हेडी म्हणजे गुरांची खरेदी-विक्री करत गावोगाव फिरणारा माणूस. त्याची मोटारसायकल दिसली की म्हशीसुद्धा मान वळवून घेत.

खात्यात परत जायचं म्हणजे काय, हे सुकदेवला डॉक्टरांनी खुणा करकरून समजावलं होतं. पुन्हा त्या आवाजात उभे राहिलात तर डावा कानही जाईल.

आता तुम्ही म्हणाल, कान गेला तर गेला, पोट तर भरेल. पण सुकदेवला जगात एकच हौस होती. एकादशीला लिंबायतच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात कीर्तन होई. तो मृदंगाला डावा कान लावून बसायचा. शब्द अर्धे कळायचे, उरलेले छातीत वाजायचे. टाळ मात्र डाव्या कानात स्पष्ट येई, बारीक, लांबून, नदीपल्याडच्या देवळातून आल्यासारखा. तो टाळ गेला की मग सगळं जग मुकं. हे तो कुणाला बोलला नव्हता. शोभाबाईला न बोलता ठाऊक होतं.

आषाढीला धनश्रीनं त्याला स्कूटरवर घेतलं. ती मार्केटात साड्यांच्या दुकानात घड्या घालायला जाते. पोरगी सुरतेची, बोलते गुजरातीत, चिडते हिंदीत आणि लाडात आली की अहिराणीत. "चालो पप्पा, बेसो. आणि पकडी राखजो, गेल्या वेळी गतिरोधकावर तुम्ही मागंच राहिला होता."

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. कीर्तनाला उभे होते किसनबुवा. हे बुवा दिवसा खात्यांतून बीम सांधतात. बीम म्हणजे मागाच्या पाठीमागचा मोठा रूळ, त्यावर ताण्याचे हजारो धागे गुंडाळलेले असतात. तो संपला की नवा चढवायचा आणि जुन्या प्रत्येक धाग्याला नवा धागा गाठ मारून जोडायचा. बुवांची बोटं त्यामुळे सतत हलत असतात. कीर्तनात सुद्धा, हवेत गाठी मारल्यासारखी.

"आज देव निजला," बुवा म्हणाले. "क्षीरसागरात, शेषावर. चार महिने उठायचा नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "बुवा, देवाची सुट्टी पगारी का बिनपगारी?"

देऊळ हसलं. बुवाही हसले. "कोण, वैभव ना रे तू? किती वर्षं झाली खात्यात?"

"दहा होतील."

"बीम संपला की काय करतोस?"

"तुम्हाला बोलावतो."

"मी आलो. मग माग चालू ठेवतोस, आणि मी सांधतो?"

"हात जाईल ना बुवा तुमचा!"

"माझा हात जाईल आणि तुझं कापडही जाईल." बुवांनी वीणा छातीशी घेतली. आवाज खाली आणला. सुकदेवनं डावा कान पुढे केला. "नवा बीम चढवायचा तर माग उभा करावा लागतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बंद पडला. आत सगळं चाललेलं असतं. धाग्याला धागा मिळत असतो. देव निजला म्हणजे तसा निजला. या चार महिन्यांत मातीत दाणा फुटतो, उसात रस भरतो, आईच्या पोटात लेकरू बाळसं धरतं. सगळ्या गाठी या झोपेत बसतात. ज्याला देवाची झोप कळली नाही, त्याला देवाचं देणं कसं कळेल? म्हणा, विठ्ठल विठ्ठल!"

टाळ कडाडले. सुकदेवच्या तोंडून विठ्ठल निघाला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे चालता माग होता, आणि त्या मागात त्याचा स्वतःचा हात. त्याचा कशाला, चंद्राचा. त्या ओल्या चिंधीसारख्या पारड्याचा.

परतताना स्कूटर उसातून सरकत होती. दोन्ही बाजूंना हिरवं पाणी वाहतंय आणि आपण मधून होडीनं चाललोय असं त्याला वाटलं. धनश्री काहीबाही बोलत होती. तो हूं म्हणत होता.

गोठ्यात शोभाबाई रुखमाच्या कासेजवळ नुकती बसली होती, बादली गुडघ्यांत धरून. सुकदेवनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे."

"काय ऱ्हाऊ दे?"

"देव निजला आज. हिलाही निजू दे."

शोभाबाईनं वर बघितलं. मग बादली बाजूला सारली आणि कमरेवर हात ठेवले. "व माय! मी तीन वरीस घसा फोडी ऱ्हायनी, तवय आयकू उनं नही. बुवानी एकदाव सांगं, का लगेच?"

"तू उजव्या कानाकडून बोलली असशील," सुकदेव म्हणाला.

ती इतकी हसली की रुखमानं रवंथ थांबवून मागे पाहिलं.

आता म्हैस आटवायची म्हणजे नळ बंद करायचा नाही. शोभाबाईनं पेंड तोडली, नुसतं गवत ठेवलं. दोन वेळची धार एक वेळ केली, मग एक दिवस सोडून, मग अजिबात नाही. आणि इथंच सुकदेवची खरी परीक्षा लागली. कारण दूध लगेच थांबत नाही, बाबांनो. कास भरून येते, टच्च होते, सड ताठरतात. धार काढणाऱ्याच्या बोटांना ते बघवत नाही. त्याचे हात झोपेतही मुठी वळायचे.

चंद्रा आणि भागीचं मिळून डबा अर्ध्यावरही येत नव्हता. गावात सहकारी दूधमंडळी आहे. सकाळी रांग लागते, दूध मोजतात, त्याची स्निग्धता बघतात. सुकदेव डबा पुढे करायचा तेव्हा तो वाजायचा. रिकाम्या डब्याचा आवाज त्यालाही ऐकू यायचा, एवढा तो मोठा होता.

"सुकदेवभाई," रांगेतला एक जण म्हणाला, "डबामां दूध छे के खाली पवन?"

"देव पोढ्या छे ने, भाई," सुकदेव म्हणाला. "भेंस पण पोढी गई." देव निजलाय, म्हैसही निजली.

रांग खो-खो हसली. तोही हसला. पण घरी येताना वाटेवरच्या धुक्यात त्याचं हसू कुठेतरी सांडलं.

त्याच दुपारी शोभाबाई पटेलाच्या शेतात गवत कापायला गेली. धनश्री कामावर. गोठ्यात उन्हाच्या पट्ट्या आडव्या पडल्या होत्या, त्यांत धूळ सोन्यासारखी तरंगत होती. सुकदेवनं बादली उचलली. कुणाला कळणार? थोडंसंच. तिलाच हलकं वाटेल. कास बघ कशी भरलीय. अर्धा डबा तरी संध्याकाळी भरून जाईल.

तो रुखमाजवळ उकिडवा बसला. कासेला हात लावला. गरम होती, ताणलेल्या मृदंगासारखी. रुखमानं पाय उचलला नाही, शेपटी मारली नाही. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. जबडा हळू हळू फिरत होता. तिच्या गळ्यातले दोन्ही पांढरे पट्टे श्वासाबरोबर वर येत, खाली जात. वर येत, खाली जात. सुकदेवचा हात तिथेच राहिला. डोकं तिच्या कुशीला टेकलं.

आणि त्याला पांढरं दिसू लागलं.

माग उभा होता, पण आवाज नव्हता. धागे होते, पण सुताचे नव्हते. दुधाच्या धारा होत्या, एकीला लागून एक, हजारो. खाली मांडी घालून किसनबुवा बसले होते आणि धारेला धार गाठ मारून जोडत होते. गाठ बसली की धार चमकायची. मागाच्या पलीकडे भिंत नव्हती. काठ नसलेलं दूध पसरलं होतं, आणि त्यावर कुणी सावळं निजलं होतं. तोंड दिसत नव्हतं. पण ते श्वास घेई तसा तो सगळा समुद्र वर येई, खाली जाई. सुकदेवला विचारायचं होतं, देवा, एवढं दूध, आणि तू धार काढत नाहीस? निजलेल्याच्या पायांपाशी एक पारडू उभं होतं. पाय लटपटत नव्हते त्याचे. ओलं नाक दुधाला लावून ते पीत होतं, पीत होतं, आणि मध्येच मान वर करून सुकदेवकडे बघत होतं. रागानं बघत नव्हतं. ओळखीनं बघत होतं.

मग त्याला ऐकू आलं, गेलेल्या उजव्या कानात: कचर, कचर, कचर. लेकराच्या पाळण्यासारखं संथ.

डोळे उघडले तेव्हा उन्हाच्या पट्ट्या भिंतीवर चढल्या होत्या. उजवा कान रुखमाच्या पोटाला चिकटला होता. तिच्या रवंथाचा नाद हाडांतून येत होता, की नव्हता, कोण सांगणार? बादली उपडी पडून लांब गेली होती. पोटाच्या आतून कुणीतरी त्याच्या गालाला हळूच ढुशी दिली.

शोभाबाई दाराशी गवताचा भारा घेऊन उभी होती. तिनं बादली पाहिली. नवरा पाहिला.

"धार काढी का?"

"नाही."

"मंग काय करी ऱ्हायनात?"

"जपी गयतू," तो आपल्या बोलीत म्हणाला. झोप लागली होती मला.

तिनं भारा टाकला आणि बादली उचलून खुंटीला उलटी टांगली. ती बादली दीड महिना तिथेच राहिली. तिच्यात एका चिमणीनं काड्याही आणल्या.

पुढच्या आठवड्यात कास सैल झाली, मऊ पडली, आक्रसून गेली. श्रावणात घरात ओढ होती, खोटं कशाला सांगू. धनश्रीच्या पगारावर चूल पेटायची. शोभाबाईनं एक युक्ती केली. दोघींचं जे थोडं दूध येई ते मंडळीत घालायच्या ऐवजी तिनं विरजण लावलं. दाट दही, लोणी, घुसळलेलं ताक. धनश्री सकाळी कामावर जाताना स्कूटरला बरण्या बांधून लिंबायतला नेई. तिथल्या खानदेशी बाया गावाकडच्या दह्याची चव ओळखून होत्या. एक म्हातारी, सखुबाई नावाची, बोट बुडवून चाटायची आणि म्हणायची, "पोरी, हाई खरं दही. दुकानातलं दही म्हणजे चुना." बरण्या रिकाम्या परत येऊ लागल्या. शेणखत पटेलाच्या उसाला गेलं, त्याच्या बांधावरचं गवत गोठ्यात आलं. अशी एकेक गाठ बसत होती.

मध्येच रामदास हेडी येऊन गेला. म्हशीभोवती फिरला, पाठीवर थाप मारली.

"सुकदेव, ही तर निजलीय. निजलेली म्हैस म्हणजे गोठ्यातला दगड. दे मला, मी उठवतो तिला."

"देवाला उठवाल का?"

"आँ?"

"कार्तिकीला या, रामदासभाऊ. तेव्हा उठेल ती. नाही उठली तर तिन्ही घेऊन जा, मी शब्द दिलाय घरात."

"दोर घेऊन येईन," हेडी म्हणाला.

त्या दिवसापासून सुकदेव रोज रुखमाशेजारी बसायचा. शेवटच्या पंधरवड्यात तिची पेंड पुन्हा सुरू झाली. तिच्या पाठीवर तकतकी चढली. कधी तो तिला सांगायचा की बुवांनी काय सांगितलं. कधी नुसताच बसायचा. पाऊस पत्र्यावर पडायचा, त्याला तो फक्त थरथरीतून कळायचा. त्याला वाटे, आपण तिघे निजलोय: देव, रुखमा आणि मी. जगाला वाटतं, सगळं बंद आहे.

भाद्रपदात एक एकादशी येते. त्या दिवशी झोपलेला देव कूस बदलतो म्हणतात. उठत नाही, फक्त या अंगावरून त्या अंगावर होतो. त्या सकाळी सुकदेव आंघोळ करून आला तो शोभाबाईची हाक आली. उजव्या बाजूनंच आली असेल, पण ऐकू आली. रुखमा उठबस करत होती. सूर्य उसाच्या वर हातभर आला, आणि पारडू खाली आलं. वगार, म्हणजे मादी. रुखमानं चाटायला सुरुवात केली न केली, तोच ते उठलं. पडलं. पुन्हा उठलं आणि पाय फाकवून उभं राहिलं. मग चाललं, सरळ कासेकडे, जणू पत्ता ठाऊक होता. नाक ओलं, मान वर. सुकदेवला ते तोंड ओळखीचं वाटलं.

शोभाबाईनं खुंटीवरची बादली काढली, चिमणीच्या काड्या हळूच शेवग्याच्या बेचक्यात ठेवल्या, बादली घासली आणि त्याच्या हातात दिली. "बठा आते," ती म्हणाली.

पहिला चीक विकायचा नसतो. त्याचा खरवस झाला आणि पहिली वडी धनश्रीनं किसनबुवांना नेऊन दिली. बुवांनी ती खाल्ली आणि विचारलं, "गाठ बसली म्हणायची?" धनश्रीला काही समजलं नाही. ती म्हणाली, "वेलची पण घातलीय."

मग रुखमा उठली. म्हणजे तिचं दूध उठलं. चंद्रा-भागीनं मिळून कधी दिलं नव्हतं तेवढं ती एकटी देऊ लागली, आणि मंडळीत त्याची स्निग्धता बघणाऱ्यानं यंत्राला टिचकी मारून पुन्हा एकदा तपासलं. डबा वाजायचा थांबला. ज्यानं हवेची थट्टा केली होती तो स्वतः डबा उचलू लागला. "भारे छे, भाई!"

सुकदेव एवढ्यावर थांबला नाही. एका दुपारी त्यानं शोभाबाईला विचारलं, "खात्यात सगळ्या मागांचे बीम एकदम संपतात का?"

"माले काय माहीत? मी का खात्यात व्हतू?"

"नाही संपत. एक उभा असतो, बाकीचे चालतात. म्हणून खातं चालतं. आपल्या तिघी एका मागोमाग एक निजल्या पाहिजेत. एक निजलेली, दोन जाग्या. म्हणजे घरात कायम दूध, आणि निजलेलीला हात लावायची पाळी नाही." त्यानं चंद्राकडे पाहिलं. "आता चंद्रा गाभण आहे. माघ लागला की तिचा नंबर."

शोभाबाईनं त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षांत त्यानं चंद्राचं नाव या आवाजात घेतलं नव्हतं. तो ओरडला नव्हता.

कार्तिकी आली. उसाची तोड नुकती लागली होती; बारडोलीच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांतून ऊस लोंबत होते, हवेत गुळचट वास होता, आणि पटेलाच्या शेतातून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोठ्यात येऊन पडले होते. तिन्ही म्हशी त्यात तोंडं खुपसून उभ्या होत्या. भाडं गेलं होतं, पेंड आली होती, आणि तरीही घरात काही उरलं होतं. पहिल्यांदाच उरलं होतं.

रामदास हेडी शब्दाप्रमाणे दुसऱ्या दिवशी दोर घेऊन आला. त्यानं रुखमाची कास पाहिली, वगारीला गुदगुल्या केल्या, बशीत ओतून चहा प्यायला. मग दोर खांद्यावर टाकून म्हणाला, "सुकदेव, ही झोप विकतोस का? माझ्या घरात कुणालाच लागत नाही."

पण मी पुढे गेलो, आदल्या दिवसाचं राहिलंच. कार्तिकीच्या सकाळी, देव उठायच्या दिवशी, सुकदेव लिंबायतला कीर्तनाला निघाला. धनश्री स्कूटर चालू करून उभी. तो रुखमाच्या पहिल्या धारेची वाटी घेऊन शेवग्याखाली गेला. तिथली माती केव्हाच सपाट झाली होती, वर दूर्वा उगवल्या होत्या. त्यानं वाटी हळूहळू ओतली. दूध घटकाभर दूर्वांवर पांढरं उभं राहिलं, आणि मातीनं ते सावकाश पिऊन घेतलं, ओलं नाक लावून प्यावं तसं.

मग देवळात मृदंगाला डावा कान लावून तो बसला. टाळ वाजले, बारीक, नदीपल्याडून आल्यासारखे. आले. या वर्षीही आले.

आता उठा, टाळ हाती घ्या. रात्र फार नाही झाली. पण एक मागणं आहे. उद्या सकाळी चहात दूध घालाल तेव्हा सुकदेवची आठवण काढू नका, तो सुखात आहे. रुखमाचीही नको. कामरेजच्या वाटेवर शेवग्याखाली निजलेलं एक पारडू आहे, चंद्राचं, त्या गोठ्यात जन्मलेलं पहिलं. त्याला कुणी नाव ठेवलं नाही. तेवढ्याला आठवा, आणि त्याच्या नावानं एकदा म्हणा, विठ्ठल.